बारा तासांची गोळी

आये, काल कणकुंबीत एका टपरीवर एक म्हातारी माझ्यासमोर बोटावर मिश्री घेऊन दात घासत बसली. चहा तसाच टाकून उठलो. गोव्याकडं निघालोय, कशाला ते विचारू नको, मलाच धड ठाऊक न्हाय. तुला जाऊन आठ वर्षं झाली, तरी त्या भाजलेल्या तंबाखूचा वास आला की आपलं निपाणीचं स्वयंपाकघर दिसतं आणि स्वतःची किळस येते.

तुझ्या जिभेखाली गाठ होती. बेळगावच्या दवाखान्यानं दुखण्यावर दोन तऱ्हेच्या गोळ्या दिल्या होत्या. एक चार तासांची, लगेच लागू व्हायची आणि लगेच उतरायची. दुसरी बारा तासांची, अख्खीच गिळायची. ती पोटात हळूहळू सुटते म्हणे. तिच्यामुळं तू कित्येक महिन्यांनी सलग झोपायला लागलीस. आक्का घड्याळ बघून गोळ्या द्यायची. ती दोन दिवस सासरी संकेश्वरला गेली आणि ते काम माझ्याकडं आलं.

एक गोळी गिळायला तुला अर्धा तास लागायचा. आंबिलीचा घोट, थांबायचं, परत घोट. त्या सकाळी मित्र दारात गाडी चालू ठेवून उभे होते, आंबोलीला जायचं होतं. मी मिश्री कुटायचा खलबत्ता घेतला. तुला चावत न्हाय ते सगळं आपण त्यातच कुटायचो, भाकरीसुद्धा. बारा तासांची गोळी कुटली, आंबिलीत कालवली, चार चमच्यांत संपवली आणि गेलो. तासाभरानं वाटेतनं परत आलो. तुझ्यासाठी न्हाय, मोबाईलचा चार्जर विसरलोतो म्हणून.

तुझे ओठ निळे पडले होते. श्वास एक आला की दुसऱ्याची वाट बघायला लागायची. त्याच गाडीतनं तुला बेळगावला नेलं. तू वाचलीस. डोळे उघडलेस तेव्हा नर्स विचारत होती, गोळी कुणी फोडली, बारा तासांचं औषध एकदम अंगात गेलंय.

मी म्हटलं, "तिनंच चावली. ऐकत न्हाय ती."

तू माझ्याकडं बघितलंस. जीभ हलत नव्हती तुझी, पण हात हलत होता. बोट दाखवता आलं असतं.

चावून खाणाऱ्या पेशंटला ही गोळी नको, असं डॉक्टर म्हणाले आणि ती बंद केली. मग शेवटचे तीन आठवडे फक्त चार तासांची. चौथा तास भरायच्या आत तू खाटेची पट्टी धरायचीस, बोटं पांढरी पडेपर्यंत. आणि आक्का तुलाच बोलायची, "कशाला चावलीस गं आये? चांगली झोपत हुतीस की." तू तिच्याकडं बघून मान खाली घालायचीस. मी तिथंच उभा असायचो, गुटख्याची पुडी फाडत. किती घाण माणूस असतो बघ.

आक्का अजून पाव्हण्यांना सांगते, आमची आई लई हट्टी, शेवटी गोळ्यासुद्धा चावायची. लोक हसतात. मागच्या दिवाळीत मीबी हसलो.

हे खरं तर तिला लिहायला पाहिजे. तिचा पत्ता हाय, नंबर हाय, उद्या गाडी वळवली तर संकेश्वर काय लांब न्हाय. पण तुला लिहिणं सोपं वाटलं. तू कुणाला सांगणार न्हाईस.