दोन श्रावण, एक कुंडी

१७ जुलै, बुधवार

सरकारी शाळेच्या यादीत नाव आलं! इतकी वर्षं प्रायव्हेट शाळेत घसा फोडला, आता कुठे. कागदं जमा झाली. फक्त पोलीस व्हेरिफिकेशन राहिलं. आमच्या शनवारा मोहल्ल्याच्या चौकीतून कोणी येईल, चार प्रश्न विचारेल, सही घेईल, बस.

आणि आजच गच्चीवर टाकीमागे कुंडी सापडली. वीतभर झाड, पंजासारखी पानं. शिवरात्रीला मंदिरासमोर ढीग लावून विकतात, मला काय ओळखू येणार नाही? नवऱ्याला हात धरून वर नेलं. प्र. म्हणे, "एक्सपेरिमेंट आहे यार. बंगलोरच्या दोस्ताने बी दिलं. ठेंगणी जात आहे, कुणाच्या नजरेत येत नाही. काही करावंही लागत नाही, आपोआप फुलतं."

आपोआप! माझी नोकरीही आपोआप जाईल मग. भांगेचं पान सरकारी ठेक्यावर मिळतं ते वेगळं, घरात झाड लावणं गुन्हा आहे, आणि फूल आलं की तो गांजा. हे त्याला मी सांगायचं! बायकोला पोलीस तपासायला येणार आणि हा गच्चीवर शेती करून राहिला.

रविवारपर्यंत काढतो म्हणाला. उरलेलं बी सुपारीच्या डबीत आहे, तेही फेकतो म्हणाला.

२१ जुलै, रविवार

काढलं नाही. पाऊस होता म्हणे. झाड उपटायला पाऊस आडवा येतो हे आजच कळलं.

२२ जुलै, सोमवार

शेजारच्या गुप्ताभाभींचा सावन आजपासून, हिंदीवाल्यांचा महिना पौर्णिमेलाच बदलतो. त्यांच्याबरोबर आमच्या आई (सासूबाई, पण मी आईच म्हणते) महादेवाला गेल्या. आपला श्रावण अजून पंधरा दिवस लांब आहे, पण आईंचं असं असतं, देव दोघांचा एकच, तर सोमवारही दोघांचे करायचे.

परत आल्या त्या खूश. "मनीषा, आपल्या गच्चीवर भांग उगवली वं! महादेव घरी आला स्वतःहून. दोन पानं वाहिली मी पिंडीवर. पुजारी म्हणे इतकं हिरवं पान बजारात नाही मिळत."

हातातली कणीक तशीच राहिली माझी. प्र. जिन्यात उभा होता, खाली मान घालून. चप्पल घालून बाहेर निघून गेला. बाप रे बाप.

२३ जुलै, मंगळवार

सकाळी वर गेले, आज मीच उपटते म्हणून. कुंडीला हळदकुंकू. खोडाला पूजेचा लाल नाडा. बाजूला उदबत्ती.

आईंना विचारलं. म्हणाल्या, "देवाला वाहिलेलं झाड आहे ते, आता आपलं नाही. मी नवस बोलली. श्रावणभर दर सोमवारी याचं पान वाहीन, माझ्या मनीषाला नोकरी लागू दे."

माझ्यासाठी! मी तिथंच टाकीच्या कठड्यावर बसले. सासरी येऊन अकरा वर्षं झाली, या बाईनं माझ्या नोकरीबद्दल एक शब्द चांगला बोललेला मला आठवत नाही. आणि आता बोलली तर हे.

२४ जुलै, बुधवार

प्र.शी भांडण. तो म्हणतो, "तू सांग आईला." का? बी तुझं, आई तुझी. म्हणतो, "मग तिला सांगावं लागेल मी कशाला लावलं होतं." हां, मग सांग ना! हातभर जीभ मित्रांत चालते, आईसमोर मुका.

२९ जुलै, सोमवार

धीर करून बोलले. "आई, फूल आलं की याला गांजा म्हणतात. पोलीस पकडतात."
"महादेवाला काय वर्ज्य आहे?"
"महादेवाला नाही पकडत. मला पकडतील."
"देवाच्या झाडानं कुणाची नोकरी गेली का? उलट लागेल."
मग हळूच म्हटलं, बरं, राखीला श्रावण संपला की तरी काढू. आईंनी माझ्याकडे असं पाहिलं, जशी मी कुठल्या दुसऱ्याच गावची. "राखीला भाभीचा संपतो. आपला तेव्हा अर्धा होतो. आपला पोळ्यापर्यंत."

हे मला माहीत नव्हतं काय? दर वर्षी माहीत असतं. या गावात राहून दोन श्रावण मोजतेच मी. पण मन कसं असतं, जवळची तारीख धरून बसतं. झाड काही पंचांग बघून थांबणार नाही.

५ ऑगस्ट, सोमवार

आपला श्रावण लागला. आईंनी पाच सवाष्णी बोलावल्या, नवसाचं वाण द्यायला. त्यांच्या भजनी मंडळातल्याच. सगळ्यात आधी लोधीपुऱ्याच्या कमलमावशी, ज्यांचा आवाज पेटीच्या वर जातो. केळी, नारळ, ब्लाउजपीस, कागदाची एकेक पुडी. ओटी भरायला मीच बसले होते. सगळ्या माझ्या तोंडावरून हात फिरवून गेल्या, "लागेल वं नोकरी, लागेल." डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला लिहू.

मग सगळ्या वर गेल्या, झाडाचं दर्शन घ्यायला. माझं पाणी तिथंच आटलं.

११ ऑगस्ट, रविवार

पानांच्या बेचक्यात पांढरे केस आले. प्र. बघून म्हणाला, "फूल लागलं." आवाजात कौतुक होतं! मी बघितल्यावर जिना उतरला.

गुडघ्याएवढंही नाही ते, आणि घरातली मोठी माणसं त्याच्यापुढे हात जोडून उभी.

१९ ऑगस्ट, सोमवार, राखी

भाऊ आला धूलकोटहून, त्याच्या बागेतल्या केळीचा घड घेऊन. जिना चढताच नाक वर. "ताई, कसला वास येऊन राहिला?" लोबान म्हटलं. तो म्हणे, लोबानच्या मागे दुसरा कसला तरी आहे. शेतातला माणूस तो. मी विषय बदलला, त्यानंही बदलू दिला. जाताना मात्र म्हणाला, "जिजाजींना सांग, नोकरी लागेपर्यंत तरी माणसात रहा."

म्हणजे ओळखलं.

गुप्ताभाभींचा सावन संपला. त्यांनी कढी-पकोडे पाठवले आणि विचारलं, नालीत काही मेलंय का. आपले अजून दोन सोमवार.

२४ ऑगस्ट, शनिवार

चौकीतून फोन. "मैडम, आपका वेरिफिकेशन आया है. आठ-दस दिन में कोई आएगा, घर पे रहना." किती नम्र आवाज. मी "जी, जी" करत राहिले आणि दुसऱ्या हातानं खिडक्या लावत राहिले.

प्र.चं तोंड आज पहिल्यांदा उतरलं. जेवला नाही. चांगलं झालं.

२६ ऑगस्ट, सोमवार

आज तर कहर. शाळेतून आले तर कुंडी खाली, ओट्यावर! रस्त्याला लागून! मंडळातल्या म्हाताऱ्यांचे गुडघे दुखतात, गच्ची चढवत नाही, म्हणून आईंनी प्र.ला कुंडी खाली आणायला लावली आणि त्या बैलानं आणली. कोणी फूल वाहिलं, कोणी रुपया. समोरून चौकीची जीप गेली. आत कोण होतं, पाहिलं की नाही, देव जाणे. मी पदर काढून कुंडीवर टाकला आणि मैत्रिणीशी बोलावं तशी ओट्यावर झाडाला खेटून बसले.

रिक्षावाला म्हणे, "दीदी, मन्नत वाला पेड़ है क्या?" हो म्हटलं. नमस्कार करून गेला.

२७ ऑगस्ट, मंगळवार

दुपारी आई झोपल्या होत्या. कात्री घेतली, वर गेले. कुंडी परत टाकीमागे नेली आहे. खोड बोटाएवढं. एक झटका पुरे होता.

मागून आई. झोपल्या नव्हत्याच. अडवलं नाही. म्हणाल्या, "काप. माझं काय. पण मग नोकरी लागली नाही तर मला बोलू नको, आणि स्वतःलाही बोलू नको."

नाही कापवलं. एम.ए. बी.एड. झालेली मी, पोरांना अंधश्रद्धेवर निबंध लिहायला लावते, आणि एका ठेंगण्या झाडापुढे कात्री खाली ठेवली. घाबरले मी. पोलिसांना वेगळी, नवसाला वेगळी. आईंनी माझ्या हातातून कात्री घेतली आणि म्हणाल्या, चल, चहा ठेव.

चहा पिताना विचारलं, "आई, माझ्या नोकरीचं तुम्हाला इतकं कधीपासून?"

"पंधरा तारखेनंतर पगार संपला की तू भाजी कशी निवडते ते बघते मी," म्हणाल्या. "सडलेला टमाटाही अर्धा वाचवते. माझंही तसंच गेलं सगळं. तुझं नको जायला."



३१ ऑगस्ट, शनिवार

सुचलं! देवाचं आहे ना? मग देवाच्या वस्तूचं काय करतात? गणपतीचं काय करतो? आईंना म्हटलं, नवस पुरा झाला की झाड घरात ठेवायचं नसतं, तापीमायला द्यायचं. पोळ्याला सोमवारच आहे, वरून सोमवती अमावस्या. याहून चांगला दिवस कुठला?

आईंनी बोटांवर तिथी मोजल्या. मग म्हणाल्या, "बरोबर बोलली. विसर्जन पाहिजे."

मी प्र.कडे बघितलं. त्यानं हात जोडले, मला.

१ सप्टेंबर, रविवार

विसर्जन वाजतगाजत होणार आहे. भजनी मंडळ, पेटी, टाळ, सगळं. मी म्हटलं, गुपचूप पहाटे नेऊ. आई म्हणे, "देवाला काय चोरून नेतात?"

घाटाचा रस्ता चौकीवरून जातो.

२ सप्टेंबर, सोमवार, पोळा



कुंडी आईंच्या मांडीवर, आई हातगाडीवर, गाडी प्र. ढकलतोय. त्याला हीच शिक्षा बरी. झाड झेंडू-शेवंतीच्या हारांत पूर्ण झाकलं मी, तरी वास कुठे झाकतो. पुढे कमलमावशी गाऊन राहिल्या. समोरून शिंगं रंगवलेले बैल. चौकीसमोर बैलांमुळे गाडी अडली. नेमकी चौकीसमोर! दारातल्या शिपायानं शिट्टी वाजवली, बैलवाल्यांना बाजूला केलं आणि आम्हाला म्हणाला, "माताजी, निकलो निकलो." आईंनी त्याच्या हातावर साखरफुटाणे ठेवले. त्यानं डोक्याला लावून खाल्ले.

घाटावर सोमवतीची गर्दी, बंदोबस्त. प्र. कंबरभर पाण्यात गेला, मातीसकट झाड सोडलं. हार सुटले, झाड दोनदा वर आलं, मग गेलं. आई रडल्या. मीही रडले. का, ते विचारू नये.

३ सप्टेंबर, मंगळवार

घर धुतलं. गच्ची धुतली. वास गेला. भूक लागली, किती दिवसांनी.

फक्त एक. सुपारीची डबी रिकामी सापडली. प्र. म्हणतो, "बी तू फेकलंस ना?" मी म्हटलं, तू फेकणार होतास. त्याला वाटलं मी, मला वाटलं तो.

असेल. पडलं असेल कुठे.

५ सप्टेंबर, गुरुवार

चौकीतले हवालदार आले. एकटेच, मोटरसायकलवर, काखेत फाईल. शाळेत शिक्षक दिनाचे हार घालून घेऊन आत्ताच परतले होते मी. आईंनी चहा, चिवडा दिला. किती साल से रहते हो, कोई केस, कोई झगडा. सगळं "नाही, नाही". सही केली. हात हलला नाही, शाबास मनीषा.

फाईल बंद करून म्हणाले, "ताई, तुम्ही ओळखलं नाही मला. मी कमलबाईंचा मधला मुलगा."

अरे! आई बाहेर आल्या, कशी आहे कमल, वगैरे.

"आई महिन्यापासून माझ्याकडेच आहे, पोलीस क्वार्टरमध्ये. तुमच्या माताजींनी वाणाच्या पुडीत बी दिलं होतं ना, पाच घरी? आमचं तर एकदम मस्त निघालं. खिडकीत ठेवलं आहे. ठेंगणं आहे, पण काय हिरवं. रोज आरती."

मी आईंकडे पाहिलं. आई म्हणाल्या, "डबीत देवाचं बी तसंच पडलं होतं, वाया कशाला घालायचं." सडलेला टमाटाही वाचवणारी मी एकटीच नाही या घरात.

हवालदार उठले. "आता मधून पांढरे पांढरे केस निघून राहिले. आई बोलते, फूल येणार. आलं की पहिलं तुमच्याकडे आणतो, ताई. तुम्ही मास्टरनी, सांगाल काय झाड आहे ते." आणि हसले. कसं हसले, साधं की दुसरं, ते मला इतक्या वेळा आठवूनही कळत नाही. रिपोर्ट एक-दो दिन में भेज दूँगा म्हणाले.

गाडी वळेपर्यंत आई हात हलवत होत्या. "बघ, नवस फळला."

प्र.ला विचारलं, आता पाच घरांत पाच कुंड्या, काय करायचं? तो म्हणाला, "फूल तर आता आपोआप..." मी लाटणं उचललं, तो पळाला.

उद्या सकाळी कमलमावशींकडे जाणार. देवाच्या झाडाचं विसर्जन करावं लागतं हे त्यांना समजावणार. पुढे एक अडचण आहे. विसर्जनाला झाड न्यायचं तर क्वार्टरच्या फाटकातून न्यावं लागेल, आणि कमलमावशी पेटीशिवाय कुठे जात नाहीत.