पोस्टासमोरचं लिव्हरपूल

सोमवार, दवाखान्यामागची खोली

ती. आक्कास,

धाकट्याचा नमस्कार, वाकून केलेला. म्हणजे कंबर सध्या जेवढी वाकते तेवढा. (का वाकत नाही ते खाली येईलच.) तुझे गुडघे कसे आहेत? डोळ्यांत थेंब वेळच्या वेळी घालतेस ना? इकडे आम्ही दोघंही खुशाल आहोत. 'दोघंही' मुद्दाम लिहिलं, कारण काल तुझ्या लेकीने तुला फोनवर काय सांगितलं ते मला कळलं आहे. मामा बॅग घेऊन घर सोडून निघाला, पोस्टासमोरच्या बाकावर बसून स्वतःशीच पुटपुटत होता, मामीने लग्नाला तीन महिने व्हायच्या आत त्याला बाहेर काढलं असावं, वगैरे. आक्का, यातली बॅग आणि बाक एवढंच खरं. (पुटपुटणंही खरं, पण ते मोजणं होतं.) बाकीचा खुलासा करायला हे पत्र. पत्र तुटक वाटलं तर सांभाळून घे. सकाळपासून चार जागी बसून आणि एकदा उभ्याने लिहितो आहे. हल्ली एका जागी बूड टेकत नाही माझं.

हे लग्न तूच जमवलंस. मी छप्पन्न, ही बावन्न. तू म्हणालीस, दोघंही शांत आहेत, एकमेकांच्या पायात येणार नाहीत. माझ्यापुरतं ते खरं होतं. डॉक्टरसाहेब पुढच्या खोलीत दात काढतात आणि मी मागच्या खोलीत कवळ्या बनवतो, तीस वर्षं, एकाच स्टुलावर. गावातली निम्मी वयस्कर मंडळी माझ्या हातच्या दातांनी हसतात. (रस्त्यात भेटली तर मी ओळखत नाही. तोंड उघडलं की ओळखतो.) असा माणूस लग्नानंतर कुठे जाऊन जाऊन जाईल, तर फार तर एखाद्या तळ्याकाठी. तिथे चार दिवस बसावं, चहा प्यावा, परत यावं. हनिमून हा शब्द मी तर मनातसुद्धा हळूच उच्चारत होतो.

पण हिचं तू नीट पाहिलं नव्हतंस. ही सत्तावीस वर्षं बस डेपोच्या वेळापत्रक विभागात. कुठली गाडी कुठून किती वाजता सुटेल, कुठे किती मिनिटं थांबेल, हे ही ठरवते आणि स्वतः मात्र घर ते डेपो याच्यापुढे कधी गेलेली नाही. मी एके संध्याकाळी सहज विचारलं, तुला कुठे जावंसं वाटतं. ती आत गेली आणि कपाटातून एक गुंडाळी घेऊन आली. ब्रिटन आणि आयर्लंडचा नकाशा, माझ्याएवढा उंच. मी कपाटाच्या दाराला तो टाचण्यांनी लावून दिला, तेव्हापासून माझे शर्ट आयरिश समुद्राच्या मागे आहेत.

नऊ शहरं, चौदा दिवस. लंडन, बाथ, कार्डिफ, लिव्हरपूल, तिथून बोटीने बेलफास्ट, मग डब्लिन, गॉलवे, विमानाने एडिंबरा, यॉर्क, आणि परत लंडन. मला झोपेतून उठवून विचारलंस तरी याच क्रमाने सांगेन. प्रत्येक शहराला एक कागद, प्रत्येक कागदावर मिनिटं. 'चहा, बारा मिनिटं.' 'नदीकडे पाहणे, नऊ मिनिटं.' मी म्हटलं, नदी आवडली तर? ती म्हणाली, "तर दहा. पण ते मिनिट चहातून जाईल." बेलफास्ट एका देशात आणि डब्लिन दुसऱ्या देशात, हे कळल्यावर मला वाटलं निदान तिथे तरी हिचं घोडं अडेल. तिने दोन्ही देशांच्या व्हिसाचे अर्ज आणून ठेवले होते, माझं नाव, जन्मतारीख आणि अंगावरची खूण घालून. (खूण तुला ठाऊक आहे. लहानपणी तूच पाडलीस.)

इथपर्यंत मी निमूट होतो. पण गेल्या आठवड्यात तिने जाहीर केलं की रविवारी तालीम. डेपोत नवा मार्ग सुरू करण्याआधी म्हणे रिकामी गाडी फिरवून बघतात. रिकाम्या गाडीच्या जागी मी. आपलं घर म्हणजे लंडन. पोहण्याचा तलाव म्हणजे बाथ. वाचनालय कार्डिफ, पोस्ट लिव्हरपूल. नदीवरचा पूल म्हणजे समुद्र आणि पलीकडचा डेपो बेलफास्ट. तिथपर्यंतच पहिली तालीम. हिशेब असा की तिथला एक तास म्हणजे इथली चार मिनिटं. बॅगा खऱ्या प्रवासाइतक्याच जड हव्यात, असा दंडक होता. तिने तिच्या बॅगेत जुनी वेळापत्रकं भरली. माझ्याकडे जड असं काय असणार? मी दवाखान्यातले प्लास्टरचे जबडे भरले. अकरा किलो भरले. (कवळी देऊन झाली की साचा फेकायचा असतो. माझ्याच्याने फेकवत नाही.)

लंडन वेळेवर सुटलं. बाथला ओल्या केसांची माणसं आमच्याकडे बघत होती. कार्डिफला ग्रंथपालबाई म्हणाल्या, बॅगा बाहेर ठेवा. ही म्हणाली, "थांबत नाही आहोत, पाहून चाललोय." तिथेच माझ्या कंबरेत चमक भरली, पण मी बोललो नाही. खरं सांगू का आक्का, बोलावंसं वाटलं नाही. ही पुढे चालत होती, हातात कागद, घड्याळाकडे बघायची आणि मान डोलवायची. लग्नापासून मी हिला इतक्या खुशीत पाहिलं नव्हतं.

लिव्हरपूलला घात झाला. पोस्टाच्या पायऱ्यांवर माझ्या बॅगेची चेन फाटली आणि तेवीस जबडे खाली घरंगळत गेले. काही फुटपाथवर, काही थेट रस्त्यात. एक सायकलवाला थांबला, वाकून बघितलं आणि होता त्याच्या दुप्पट वेगाने निघून गेला. तेवढ्यात पुलावरून पलीकडे जाणारी बस, म्हणजे बोट, आली. ही बसच्या पायरीवर चढलेली, एक हात दांडीला. माझ्याकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं, म्हणाली, "बोट थांबत नसते." आणि गेली.

तू म्हणशील, बायको सोडून गेली की. मलाही दोन मिनिटं तसंच वाटलं. मी गुडघ्यांवर बसून जबडे गोळा केले आणि समोरच्या बाकावर बसून मोजायला लागलो, एक, दोन, तीन. मनात आलं की उठावं, घरी जावं, नकाशा काढावा, शर्ट घालावा आणि दवाखान्यात जाऊन स्टुलावर बसावं. रविवार असला म्हणून काय झालं. नेमकी त्याच वेळी तुझी लेक आली. "मामा, इथे काय करतोयस?" मी मोजण्याच्या नादात बोलून गेलो, "लिव्हरपूलला आहे. बेलफास्टची बोट चुकली." तिने माझ्या हातातला जबडा बघितला, माझ्याकडे बघितलं आणि फोन काढला. पुढचं तुला माहीत आहे.

तुला माहीत नाही ते असं की तासाभराने ही परत आली. उलट दिशेच्या बसने, तिच्या कुठल्याच कागदावर नसलेल्या. बाकावर माझ्या शेजारी बसली, बॅग मांडीवर. मग म्हणाली, "मी बरोबर वेळेवर पोचले. एका मिनिटाचाही फरक नाही." मी म्हटलं, छान झालं. ती म्हणाली, "सत्तावीस वर्षं लोकांना वेळेवर पोचवते. आज पहिल्यांदा प्रवासी म्हणून स्वतः पोचले, आणि सांगायला कोणी नव्हतं. चौकशीच्या खिडकीतल्या माणसाला सांगितलं. तो म्हणाला, मग?"

इथे शहाण्या माणसाने काहीतरी गोड बोलायला हवं होतं. मी म्हटलं, "एक जबडा कमी आहे." ती उठली. आम्ही दोघं अर्धा तास शोधत होतो. तिलाच सापडला, टपालपेटीच्या मागे. फुंकर मारून तिने तो रुमालात गुंडाळला आणि स्वतःच्या पर्समध्ये ठेवला. घरी आम्ही चालत आलो, मधे कुठेही न थांबता.

तर हे असं आहे. लेकीची समजूत घाल. तब्येतीला जप.

तुझा,
धाकटा

ता. क. : मूळ गोष्ट राहिलीच. तू हिला एक पत्र लिही, जणू आपणहून. लिही की या वयात दगदग बरी नव्हे, चार शहरं पुष्कळ झाली. माझं नाव येऊ देऊ नकोस. तुझं ती ऐकते.

ता. क. २ (गुरुवार) : पत्र कोटाच्या खिशातच राहिलं, ते बरं झालं. वरचं काही लिहू नकोस. परवा संध्याकाळी घरी आलो तर कपाटाचं दार कोरं. नकाशा गुंडाळून ठेवलेला. ही म्हणाली, आपण फक्त लंडनला जाऊ, एकच खोली घेऊ, बाग जवळ आहे, तुम्ही बसा. हेच मला हवं होतं ना? मग दोन दिवस मला झालंय काय? स्टुलावर दहा मिनिटं बसवत नाही. काल एका आजोबांचे वरचे दात खालच्या साच्यावर बसवले. डॉक्टरसाहेबांनी विचारलं, लक्ष कुठे आहे. तोंडातून निघालं, गॉलवेला. घर इतकं गप्प झालंय की घड्याळ ऐकू येतं, आणि ही त्याच्याकडे बघतसुद्धा नाही. तेव्हा आक्का, हिला असं लिही की पाय चालताहेत तोवर सगळं बघून घ्यावं. नऊच्या नऊ. यातही माझं नाव नको.

ता. क. ३ (अक्षर वेगळं आहे, घाबरू नका) : आक्का, कोट धुवायला टाकताना पत्र सापडलं. पाकीट उघडं होतं, म्हणून वाचलं. बंद असतं तरी वाचलं असतं. तुम्ही दोन्हींपैकी काहीच लिहू नका. नकाशा पुन्हा लावला आहे. शहरं नऊच, पण बोटीच्या वेळेत मी चाळीस मिनिटं मोकळी ठेवली आहेत, तिथे काहीच लिहिलेलं नाही. तुमचा लांब लोकरीचा कोट मात्र पाठवा. तो मागायचं यांना चार वेळा सांगितलं होतं, पत्रात त्याचा पत्ता नाही. निघायला उशीर होतोय तो व्हिसामुळे. फोटोत चेहरा गंभीर लागतो, हसू चालत नाही, असा त्यांचा नियम आहे. यांचा फोटो तीनदा परत आला.