कौस्तुभचा कॉम्प्युटर

४ ऑक्टोबर
नांदेडहून बदली होऊन आज नल्लकुंट्यात राहायला आलो. खोली छान मिळाली. वरचा मजला, दोन खिडक्या, समोर बदामाचं झाड. काचीगुड्याच्या ऑफिसला बस लगेच मिळते. घरमालक हिम्मतराव आणि भामाकाकू दोघेच खाली राहतात. काकूंनी आल्या आल्या भाकरी आणि गोंगुऱ्याची, म्हणजे आपल्या अंबाडीची, चटणी वाढली. जूनमध्ये त्रिवेणी गेली, त्यानंतर आज पहिल्यांदा पोटभर जेवलो. बायकोशिवाय घर लावायची सवय नाही, पण जमेल असं वाटतं.

माझा जुना कॉम्प्युटर टेबलावर मांडला. तिचे सगळे फोटो आणि व्हिडिओ त्याच्या डिस्कवर आहेत. पाकिटात लग्नाचा एक छोटा फोटो आहे, बाकी दुसरीकडे कुठे काही नाही. प्रत काढायची राहूनच गेली आहे.

६ ऑक्टोबर
हिम्मतरावांनी खाली बोलावलं. त्यांचा एकुलता मुलगा कौस्तुभ, लग्न ठरायच्या आधीच अपघातात गेला. त्याचा कॉम्प्युटर तेव्हापासून बंद आहे. "जावयासारखा रुसून बसलाय बघा. कितीबी मनवा, उठतच नाही," असं म्हणून ते स्वतःच हसले. बटण दाबलं की पंखा फिरतो, बीप वाजत राहतात, स्क्रीन काळी ती काळीच. रॅम काढून खोडरबराने पुसली, धूळ झटकली. उपयोग झाला नाही. काकू शेजारी उभ्या राहून त्रिवेणीबद्दल विचारत होत्या. रंगाने कशी, स्वभावाने कशी, पुरणपोळी यायची का. मला फार बोलता येत नाही, तरी सांगितलं. त्या म्हणाल्या, अशीच सून हवी होती हो.

९ ऑक्टोबर
बिघाड शोधायची एकच पद्धत मला येते. चालू मशीनमधला एकेक भाग काढून बंद मशीनमध्ये घालून बघायचा. माझी रॅम घातली आणि बीप थांबले. स्क्रीनवर अक्षरं आली, डिस्क सापडत नाही. कौस्तुभची डिस्क आतून खडखडते. तिच्यातलं आता काही मिळायचं नाही, असं मी स्पष्ट सांगितलं. हिम्मतराव भिंतीवरच्या कौस्तुभच्या फोटोकडे बघत बसले. काकू म्हणाल्या, मग तुमची घालून बघा की.

१२ ऑक्टोबर, रविवार
सकाळी माझी डिस्क जोडली, मशीन चालतं का एवढंच बघायला. चटकन सुरू झालं. नेहमी माझं नाव येतं, विक्रम. आज कौस्तुभ आलं. फोटो मात्र माझेच. लग्नातला पहिला उघडला. त्रिवेणी हसते आहे, केसांत अक्षता. शेजारी मुंडावळ्या बांधलेला मुलगा मी नाही. भिंतीवर हार घातलेल्या फोटोत तोच आहे.
काकूंनी स्क्रीनवरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. "आली गं बाई घरात!"

१५ ऑक्टोबर
रॅम आणि डिस्क परत माझ्या मशीनमध्ये लावली. सुरू होत नाही. खाली नेली की लगेच सुरू होते. पेनड्राइव्हवर प्रत काढली, तो रिकामा निघतो.
आता सगळ्या फोटोंत कौस्तुभ आहे. मी थोड्याच फोटोंत आहे. मागे उभा, फेटा बांधून, नवरीकडच्या माणसांत.

१८ ऑक्टोबर
पाकिटातला फोटोसुद्धा —
नांदेडला सासऱ्यांना फोन केला. सगळं सांगणार होतो. त्यांनी बोलूच दिलं नाही. म्हणाले, ताईची आठवण मलाही येते रे पोरा, रडू नकोस.
काकू मला विक्रमदादा म्हणतात. सूनबाईचे भाऊ आहेत म्हणून शेजारणीला सांगत होत्या.
त्रिवेणी माझी बायको. माझी बायको. माझी —

२२ ऑक्टोबर, पाडवा
आज बायको नवऱ्याला ओवाळते. काकूंनी सूनबाईच्या वतीने कौस्तुभच्या फोटोला ओवाळलं. व्हिडिओतली त्रिवेणी मान वळवून त्या फोटोकडे बघत होती. मी समोर उभा होतो. माझ्याकडे नाही.
मी डिस्कची केबल धरली. हिम्मतराव शांतपणे म्हणाले, ओढा, खुशाल ओढा, मग ती कुणालाच दिसायची नाही, तुम्हालाबी नाही. उद्या भाऊबीज. माहेरचं माणूस म्हणून पाटावर बसा. दर वर्षी भेट होईल. थोडीच, पर होईल.
केबल सोडली.

२३ ऑक्टोबर
सकाळ. अजून मी तिचा नवरा आहे. पाटावर बसून तिचा आवाज एकदा ऐकतो आणि उठतो. टिळा लावून घेणार नाही. काही झालं तरी —

दुपार. टिळा लावला. हात काकूंचा, आवाज तिचा. दादा म्हणाली.
फार बरं वाटलं. ताई सुखात आहे. सासर चांगलं मिळालं. ओवाळणीत साडी घातली. हिम्मतरावांनी मला टोपी-उपरणं दिलं.

संध्याकाळ. या खोलीत मी एकटा का राहतो? माझंही लग्न झालं होतं, असं वाटतं. कुणाशी, ते —
ताईला माहीत असेल. खाली जाऊन ताईलाच विचारतो, माझ्या बायकोचं नाव काय गं —