बेलाच्या मुळांचं वजन

रेणापूर, रविवार, २७ फेब्रुवारी १९८३
अव्वाला, माझ्या आईला, जाऊन ८ मे रोजी वर्ष होईल. जाण्याआधी तिने आठ पत्र्याच्या डब्यांत बेलाच्या बिया लावल्या होत्या. आठही रोपं वीतभर झाली आहेत. त्यातलं एक माझ्या बायकोला, महादेवीला, त्या दिवशी शेतात, अव्वाच्या समाधीच्या उशाशी लावायचं आहे. तिला सांगितलं, हवं ते निवड. आधी प्रयोग.
विषय : कोवळ्या झाडांची मुळं नायट्रोजन कसा घेतात. एप्रिलअखेर नव्या लातूर जिल्ह्याचं पहिलं विज्ञान प्रदर्शन आहे. आमच्या शाळेतून मीच.
रोप १ ते ६ ला युरिया. ७ आणि ८ ला नाही. दर रविवारी एक उपटून, मूळ वाळवून वजन करायचं. रोज पहाटे पाचला नोंद.
डब्यांवर अव्वाने विभूतीसारखी चुन्याची तीन बोटं ओढली होती. त्यावर नंबर घातले.

२८ फेब्रुवारी
सातला उठलो. मुळांना घड्याळ कळत नाही.

६ मार्च
क्र. १ उपटलं. मूळ तव्यावर वाळवलं. महादेवीने विचारलं, ह्याच तव्यावर मी भाकरी करू का? खुशाल कर म्हटलं. तिने तवा राखेने तीनदा घासला. पाणी वाया.
वजन शेजारच्या वीरण्णा सोनाराच्या काट्यावर. १.४ ग्रॅम. उत्साहवर्धक.

१३ मार्च
क्र. २. १.३ ग्रॅम. काटा जुना आहे.
वीरण्णा म्हणाला, "सर, पोरं वाढली का बघाया शाळंत बी उपटूनच बघता का?" दुकानात दोन गिऱ्हाइकं होती. दोघंही हसली. विज्ञानाचा प्रसार असाच होतो.

२० मार्च
क्र. ३. १.१ ग्रॅम. उरलेल्या युरियावाल्यांची पानं कडेने करपली. अर्थ उघड आहे : भूक. युरिया दुप्पट केला.
टँकर दिवसाआड. घराला चार घागरी. रोपाला अर्धा तांब्या.

२९ मार्च
टँकर नाही. पुस्तकात पुन्हा पाहिलं : नायट्रोजन पाण्यात विरघळतो, पाण्याबरोबर मुळात शिरतो. हे मला माहीत होतं. प्रयोगात पाण्याचा विचार नंतर करायचा होता.

३ एप्रिल
४, ५, ६ वाळली. तव्याची गरज पडली नाही. तेवढा वेळ वाचला.
महादेवी दारात उभी राहून म्हणाली, "जगवायलाव का मोजायलाव?" मोजल्याशिवाय जगलं हे कळणार कसं, असं सांगितलं. ती आत गेली.

१० एप्रिल
तुलनेसाठी क्र. ८. १.९ ग्रॅम. युरिया न देता. पुन्हा वजन केलं. १.९.
उरलं क्र. ७. तेच समाधीला. महादेवीला शब्द दिला.

१७ एप्रिल
क्र. ७ ला नवी पालवी. कारण सापडलं. महादेवी रोज पूजेचं उरलेलं पाणी त्याला घालते. फेब्रुवारीपासून. विचारलं तर म्हणाली, "अव्वाबी तसंच करायच्या." म्हणजे नोंदी बिघडल्या. तिला रागावलो नाही. शास्त्रज्ञाने शांत राहावं.

२३ एप्रिल
तक्ता रंगवला. शेवटची चौकट रिकामी. रिकामी चौकट परीक्षकांना खटकेल.

२४ एप्रिल
क्र. ७. ३.२ ग्रॅम. सर्वांत जास्त. मूळ डब्याच्या तळाला वळसा घालून परत वर आलं होतं.
महादेवी पाण्याला गेली होती. आल्यावर तवा पाहिला. घासला नाही. आज भाकरी नाही.

२८ एप्रिल
पत्र आलं. टंचाईमुळे प्रदर्शन बेमुदत पुढे. तक्ता कपाटामागे ठेवला. पुढच्या वर्षी सोळा रोपं घ्यायची.

८ मे
शेतात गेलो. महादेवीने समाधीच्या उशाशी खड्डा केला. माझ्याकडे हात पुढे केला. खिशातून क्र. ७ च्या मुळाची पुडी काढून दिली. वर ३.२ लिहिलं होतं. तिने पुडी सोडली, मूळ उभं धरलं, माती लोटली, घरून आणलेलं पाणी ओंजळीने थोडं थोडं घातलं.
वाळलेलं मूळ पाणी घेत नाही. नायट्रोजनही नाही. हे तिला सांगणार होतो.
कळशी मी धरली होती.