समुद्रानं ओटी परत केली

जयपूर, मिलिटरी क्वाटर
मे १९८६

ती. सौ. तारामती आक्कास, धाकट्या चित्राचा पाया पडून नमस्कार. तुझी कंबर कशी हाय? दाजींचा खोकला थांबला का? आमी समदी खुशाल. (खुशाल म्हंजे जिवंत. बाकीचं खाली लिहिते.)

तुला कळलंच असंल, ह्यांची बदली कोचीनला झालीया. तिथं म्हणं दारातच समुद्र. मी म्हटलं, मी न्हाई येणार, प्रल्हाद दोन वर्साचा, दार उघडं दिसलं की पळतोय. तर हे म्हणाले, "मग तू न् पोरगं ऱ्हावा गावाकडं आत्याबाईंजवळ." (माझ्या सासूबाई तुला ठावं हायत, जास्त लिहीत न्हाई.) मग ह्यांनीच काढलं, की सुट्टीत सुरतेला गोविंदभावजींकडं जाऊ, जवळच डुमसचा समुद्र हाय, गरीब गाईवाणी, लहान पोरं खेळत्यात. तिथं भीती मोडली तर कोचीन, न्हाईतर गाव. मतलब माझी परीक्षाच. शेजारच्या, चौमू गावच्या भाभीजी म्हणाल्या, "समंदर को नाराज मत करना." (त्यांनी सोता तळ्यापरीस मोठं पाणी बघितलं न्हाई.) म्हणून मी ओटीचं सामान बांधून घेतलं, खण, तांदूळ, नारळ, आपण नदीची भरतो तशी.

तिथं काळी वाळू, भजीवाले, आणि एक उंट. (जयपुरातनं उठून उंट बघाय गेलो.) पाणी पोरांच्या गुडघ्याला, लाटा जात्यातनं पीठ पडावं तशा हळू. पण मला एकेक लाट माझ्यावरच येतीया वाटायचं. चटई मागं सरकवीत सरकवीत मी पार रस्त्याला लागले. गोविंदभावजींच्या जयंतीवहिनी म्हणाल्या, "आणखी सरकलीस तर सुरत लागंल गं."

शेवटी धीर करून गेले, डोळं मिटून ओटी भरली, म्हटलं माझ्या पोराला वळखून ठेव बाबा. डोळं उघडलं तर खण, तांदूळ गेलं आणि नारळ माझ्या पायाशी परत! पुन्हा टाकला, पुन्हा आला. ओटी परत आली म्हंजे केवढा अपशकुन, हे तुला सांगाय नको. मी नारळ हातात घेऊन उभी. हे हसत्यात, "अगं, नारळ तरंगणारच." मी रागानं लांब भिरकावला, तर प्रल्हादला वाटलं चेंडू, गेलं की पोरगं पाण्यात त्याच्यामागं! पुढचं मला ठावं न्हाई. मी साडीसकट आत, त्याचा करदोडा धरला, करदोडा तुटला, मी आपटले, नाकातोंडात खारं पाणी. पोरगं तिथंच बसून हसतंय, पाणी त्याच्या पोटापत्तुर. समुद्राला मी काय काय बोलले ते लिहीत न्हाई. (फौजेतली पत्रं उघडून बघत्यात म्हणं.)

काठावरनं हे वरडले, "गेलीस की पाण्यात! पास!"

गाडीत जयपूर येईपत्तुर मी तुटक्या करदोड्याला गाठी मारीत बसले. मी काय कोचीनला जात न्हाई, माझं ठरलंय.

तुझी चित्रा

ता. क. आत्याबाई भेटल्या तर सांग, देवदर्शनाला गेलो होतो.

आणखी ता. क. कोचीनचं सामान बांधाय घेतलंय. लई इचार केला. समुद्र दिवसातनं दोनदा मागं तरी सरतो म्हणं. आत्याबाई कधी सरल्यात? पण एकटीला धीर न्हाई. तू येतीस का महिनाभर? दाजींना सांग, चित्रा आजारी हाय. पाण्याला तू माझ्याहून भितीस, म्हणून तर तुलाच बोलावते. धीट माणसांत मला नीट घाबरताबी येत न्हाई.