सहा नळ्या, एक नाकतोडा

३ ऑक्टोबर
केलं ते चुकलंच. पण पोटात राहत नाही, म्हणून लिहितो.

मॅडम माळावरच्या नाकतोड्यांची नाती शोधतात. कोण कुणाचं भावंड, कुठली मादी कुणाशी जुळते, असलं. पकडायचा, मधला डावा पाय काढायचा, स्पिरिटच्या नळीत टाकायचा, त्याला सोडून द्यायचं. मधलाच, कारण मागच्यावर तो उड्या मारतो. पायावरून शहरातलं मशीन नातं सांगतं! पकडायचं काम माझं. दहावीला दोनदा आपटलो, पण हात चपळ.

आज शेवटचा दिवस. सहा नळ्या रिकाम्या, आणि मॅडमची चारची गाडी. त्या बांधावर एकट्या बसलेल्या, अन् मी धावतोय किड्यांमागे! तेवढ्यात एक मेलेला सापडला. सहा पाय — सहा नळ्या! मग जाऊन बसलो शेजारी. पाऊण तास. थर्मासच्या झाकणातून चहा दिला त्यांनी.

४ ऑक्टोबर
माळ नुसता ओस.

९ ऑक्टोबर
आई म्हणते, "वीस वर्षांचा घोडा झालास, ताई म्हणावं त्यांना." जीभच वळत नाही!

२८ ऑक्टोबर
मेलो! मॅडमचा फोन. मशीन म्हणतं, सहा नाकतोडे अगदी एकासारखे एक. त्यांचे सर नाचायचे बाकी आहेत — "या माद्यांना नर लागतच नाही! एकट्याच पिल्लं घालतात!" छापायचंय म्हणे. त्याआधी पुन्हा पाय हवेत. "रविवारी येतेय. आठवडाभर."

आठवडाभर!

खरं सांगितलं तर येणार नाहीत. नाही सांगितलं तर चारचौघांत तोंडघशी पडतील. माझ्यापायी.

३१ ऑक्टोबर
तीनदा फोन लावला. तीनदा कापला. शर्टाला मात्र इस्त्री केली — लाज नाही मला.

३ नोव्हेंबर
सांगून टाकलं. थांब्यावरच, त्यांची बॅग हातात घेऊन. म्हटलं, आता याच गाडीने परत जातील.

त्या हसल्या! "अरे उडाणटप्पू, आपण मधला डावाच काढतो ना? त्या सहा नळ्यांत सहा जागचे पाय. उघडल्या तेव्हाच कळलं मला."

"मग सरांना?"

"सांगणारच आहे. आठवडा संपला की."

आणि बांधावर जाऊन बसल्या. शेजारी जागा ठेवून.

वहीबाई, पाया पडतो — कुणाला सांगू नकोस! माझं सांग हवं तर. त्यांचं नको.