मोरूचं बोलणं

निजामपुरा, भिवंडी
मंगळवार, १७ तारीख

प्रिय रीमा,

काल मुआजने तुला मेसेज केला तो माझ्या सांगण्यावरून. 'कथा पाठवू नको, अब्बांचं पत्र येतंय.' त्यावर तुझे तीन फोन येऊन गेले आणि मी एकही उचलला नाही, म्हणजे तू आता चिडलेली असणार. चीड. पण तुझं पुस्तक छापायला द्यायची तारीख पंचवीस आहे, आणि तुझ्या बापावरची ती कथा आहे तशी छापली गेली तर मला सुखाने घास गिळवणार नाही. दोन दिवस नुसता फिरतोय. कारखान्यात जातो, चहा मागवतो, न पिताच घरी येतो. जाहिदा म्हणते, तुम्हाला मुंग्या चावल्यात का. तू म्हणशील, शुक्रवारी हाच चाचा फोनवर 'एक नंबर, पाठव' म्हणाला होता, चार दिवसांत काय झालं याला. सांगतो. फोन सोडून पत्र का लिहितोय तेही सांगतो, पण जरा दम धर.

शुक्रवारी लूम बंद असतात, म्हणून तू शुक्रवारी नाशिकहून फोनवर वाचायचीस आणि मी ऐकायचो. मी सातवी पास, तेही मराठीत, कारण मराठी शाळा घराजवळ होती आणि उर्दू शाळेला रस्ता ओलांडावा लागायचा. साहित्य मला कळत नाही. पण खोटं वाक्य आलं की कानाला टोचायचं, जसं चोवीस लूममधला एक बिघडला की खुर्चीत बसून कितवा ते कळायचं. तू एकदा 'लूमची खटखट' लिहिलं होतंस. मी म्हटलं, खटखट एका लूमची असते. चोवीस एकदम चालले की आवाज हवेसारखा होतो, माणूस त्यातच राहतो, आणि तो ऐकू येतो लाइट गेल्यावर. तू ते बदललंस. तुझा तो आझमगडचा कामगार 'मी अत्यंत थकलो आहे' असं बोलायचा, त्याला माणसासारखं बोलायला लावण्यात आपले तीन शुक्रवार गेले. एकदाही कंटाळली नाहीस. तुझ्यात दम आहे म्हणूनच या कथेचा राग आला.

रविवारी मुआजला, त्याच्या फोनवर तू पाठवलेल्या कथेची प्रिंट काढायला लावली आणि ओळीखाली बोट ठेवून वाचली. पहिली दोन पानं काढून टाक. खाडी आहे, बगळे आहेत, एका आकाशाला तीन उपमा आहेत आणि माणूस एकही नाही. तुमच्या अंजूरला आज गोडाऊनच्या पत्र्यावरून ऊन डोळ्यात येतं, लिहायचंच तर ते लिही. तुझी कथा चालू होते तिसऱ्या पानावर, गुणावहिनी डबा उघडतात आणि अर्धी भाकर तशीच परत आलेली असते तिथे. तिथून सुरू कर. वाचणाऱ्याला विचारू दे, अर्धी का. (ती माझ्या वाटणीची असायची. मी रजेवर असलो तरी तुझा बाप ती खायचा नाही.) आणि शेवटी 'तेव्हा मला उमगलं' असं लिहिलंयस, ते खोड. उमगल्यावर तू उठून काय केलंस ते लिही. काहीच केलं नसशील तर तेही चालेल, पण खरं लिही.

आता मुद्द्याचं. तू बापाला मुका करून टाकलास. 'बाबा ड्युटीवरून यायचे, जेवायचे, झोपायचे. त्यांच्या तोंडून मी आयुष्यात पन्नास वाक्यं ऐकली असतील.' ऐकली असशील पन्नासच, त्यात खोटं नाही. पण मी आणि मोरू सतरा वर्षं एका शेडमध्ये समोरासमोर उभे होतो. ती शेड आज माझी आहे, तेव्हा आम्ही दोघंही दुसऱ्याचे कामगार. त्या आवाजात ओरडून घसा फाटतो, ऐकू काही येत नाही, म्हणून लूमवाले नुसत्या ओठांनी बोलतात. आवाज काढायचाच नाही. मिशीला पीळ दिला की सेठ आला. नवा माणूस महिनाभरात शिकतो. आणि त्या बोलण्यात तुझा बाप पूर्ण शेडचा राजा होता. जत्रेतलं एक भांडण त्याने मला दोन शिफ्ट पुरवून सांगितलं. ऐन रंगात त्याच्या धोट्यातलं सूत संपायचं, तो सुताची कांडी बदलायला वळायचा, आणि मी इकडे तोंड उघडं टाकून उभा, माझ्या लूमचा धागा तुटलाय याचाही पत्ता नाही. पुढे कळलं, सूत कधी संपणार ते बघूनच तो गोष्ट तिथवर आणायचा. लांब शब्द वापरायचा नाही, पंधरा फुटांवरून लांब शब्द ओठांवर वाचता येत नाही. कसं लिहायचं म्हणून तू मला विचारतेस आणि मी मोठा उस्तादासारखा सांगतो, ते सगळं त्याच्याकडचं आहे.

तुझ्या चौथ्या पानावर एक ओळ आहे. 'जेवताना बाबांचे ओठ हलत असायचे, बहुतेक नामस्मरण करत असावेत.' ती वाचली आणि मी प्रिंट खाली ठेवली. रीमा, कसलं नामस्मरण. तो तुमच्याशी बोलायचा. बारा तासांची ड्युटी करून आलं की कानात लूम चालूच असतो, आपण आवाज लावलाय की नाही ते आपल्यालाच समजत नाही. माझंही तेच व्हायचं, पण जाहिदा समोर बसून ओरडायची, 'आवाज कारखान्यात ठेवून आलात का,' म्हणून मी सुधारलो. तुमच्याकडे गुणावहिनी चुलीकडे तोंड करून, तू वहीत, आणि तो आपला बोलतोय. दुसऱ्या दिवशी मला म्हणायचा, 'घरात माजं कोन आयकतच न्हाय रं मजद्या.' मी म्हणायचो, कुणाचं ऐकतात. एकदा मी अंजूरला जेवायला आलो होतो, तू आठवीत असशील. तुझ्याकडे बघत मोरू म्हणाला, 'बग कशी लिवतंय. मान मोडंल, पन उठनार न्हाय.' मी म्हटलं, तुझ्यावरच गेली आहे, थांबत नाही. आम्ही हसलो. तू मान वर करून विचारलंस, चाचा, का हसताय. मी म्हटलं, काही नाही. आवाज दोघांनीही लावला नव्हता हे मला तेव्हा सुचलंसुद्धा नाही, आमच्यात तो कधी नव्हताच. तेव्हा मी तुला ते वाक्य मोठ्याने सांगितलं असतं तर तुझी मोजणी निदान एक्कावन्नावर गेली असती. पन्नास वाक्यांच्या माणसाची कथा छापू नको. जो रोज ताटावर बसून बोलला आणि घरात कुणी वर बघितलं नाही, त्याची लिही. त्यात तू वाईट दिसशील. दिस. मीही दिसेन. माझं नाव बदलू नको.

राहिलं शुक्रवारचं. एवढी मोठी चूक मी फोनवर का पकडली नाही? माझे कान गेलेत, पोरी. वर्ष झालं. ठाण्याच्या डॉक्टरने कागदावर रेघ काढून दाखवली, घाटातल्या रस्त्यासारखी खाली खाली जाणारी. घरात कुणाला माहीत नाही, कारण समोरचा बोलला की मी ओठ वाचतो, मोरूच्या तालमीतला माणूस. पाठमोऱ्या जाहिदाला उत्तर दिलं नाही तर तिला वाटतं, नवरे असेच असतात. पण फोनवर ओठ दिसत नाहीत. शुक्रवारी तू चाळीस मिनिटं वाचलंस आणि मला नुसती घरघर आली. घरघर थांबली की मी 'हं' म्हणायचो. बराच वेळ थांबली तेव्हा 'एक नंबर' म्हटलं. आधीच्या दोन कथाही मी अशाच पास केल्यात. तुझ्या बापाचं काय लिहिलंयस ते न ऐकता मी हो म्हटलं, ते लाजेपायी, कारण कान सोडून माझ्याकडे तुला द्यायला दुसरं काही नव्हतं. पंचवीसच्या आधी एक शुक्रवार आहे, वीस तारखेचा. तिन्ही कथा घेऊन ये. लूम बंद असतील. मोरूच्या लूमपाशी दुपारी खिडकीतून चांगला उजेड येतो, तिथे तुला खुर्ची टाकतो आणि मी माझ्या जुन्या जागेवर उभा राहतो. तोंड माझ्याकडे करून वाच. आवाज नाही लावलास तरी चालेल.

तुझाच,
तुझ्या बापाच्या समोरच्या लूमवरचा,
मजीदचाचा